उलट्या घडीचा कागद

या, असे पुढे सरका. मागे बसून ऐकायची ही गोष्ट नाही. थंडी आहे, पांघरुणात पाय घाला आणि कान इकडे द्या. किसोच्या डोंगरातली एक बाई नागोयाच्या भल्यामोठ्या दुकानात कशाला गेली आणि काय घेऊन परतली, ते आज सांगायचं आहे. ऐकता ऐकता तुमच्याही मनात संशय शिरेल. शिरू द्या, तिच्या मनात शिरला तसाच. त्याला हाताला धरून बाहेर काढायचं माझ्याकडे लागलं.

बाईचं नाव सुमिए मुरोई. हिरासावा गावात, जिथे दर दुसऱ्या दारातून लाखेचा वास येतो, तिथे तिचं घर. नवरा कुनिझो लाखेच्या वाट्या करायचा. माणूस अगदी मुखदुर्बळ. दिवसभर उजव्या हातात कुंचला, वाटीवर लाखेचा एकेक हात चढवतोय, आणि तोंडातून ब्र नाही. सणावाराला तांदळाच्या दारूचे, साकेचे, दोन पेले पोटात गेले, की मात्र त्याचा पेला नकळत डाव्या हातात जायचा. मग सुमिए त्या हातावर चापटी मारायची. "मास्तरांनी एवढं बडवलं तरी गेली नाही ना खोड!" तो लाजायचा आणि पेला गुपचूप उजवीकडे घ्यायचा.

असा कुनिझो सप्टेंबरात गेला. लाख ढवळता ढवळता जरा खाली बसला, तो उठलाच नाही.

दर डिसेंबरात तो वाट्यांचं खोकं पाठीला मारून नागोयाला जायचा. असागिरिया म्हणजे नागोयातलं मातब्बर दुकान. तिथे सर्वांत वरच्या मजल्यावर गावोगावच्या मालाचं प्रदर्शन भरायचं आणि त्यात कुनिझोचा गाळा असायचा. वर्ष सरायला आलं की तो रिकामं खोकं घेऊन परत यायचा, आत फार तर दुरुस्तीच्या एक-दोन वाट्या. दमलेला, पण डोळ्यांत हसू.

"खपल्या का हो सगळ्या?"

"खपल्या."

संपलं बोलणं. मग तो कोटाच्या आतून एक पुडा काढून तिच्यापुढे सरकवायचा. आत तांदळाच्या पिठाची ती मऊ, गोड ऊइरो, आणि वर असागिरियाचा कागद, फिकट निळ्यावर पांढरे बगळे. आमच्याकडे असा कागद कोण फेकतं? सुमिए नखानं चिकटपट्टी उकलायची, कागद तळहातानं सारखा करायची, घडी घालून किमोनोंच्या खाली कप्प्यात ठेवायची. ठेवून ठेवून चांगली चळत झाली होती.

कुनिझोचा एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे दुखवटा संपायचा दिवस, जवळ आला आणि दुखवट्याला आलेल्यांच्या परतभेटी बांधायची वेळ आली. इतरांसाठी तिनं नवा कागद आणला. पण शेजारची तोमेयो म्हणजे घरचीच, तिच्यासाठी कशाला नवा, म्हणून कप्प्यातला एक बगळ्यांचा कागद काढला आणि त्यावर चहाचा डबा ठेवला.

आता हे तुम्हाला ठाऊकच आहे. शुभाची भेट असेल तर पाठीमागे कागदाचं उजवं टोक वर येतं, आणि दुःखाची असेल तर डावं. पोरींना वेणी घालायला शिकवतात त्याच वयात हेही शिकवतात. सुमिए डावं टोक वर घ्यायला गेली, तर तिला काही करावंच लागलं नाही. कागदाला आधीच चुण्या होत्या, आणि तो त्या चुण्यांवरून आपणहून मिटला. डावं टोक वर आलं आणि जागच्या जागी बसलं.

ती बघतच राहिली. तिनं दुसरा कागद काढला, तोही तसाच मिटला. तिसराही. तिनं अख्खी चळत चटईवर पसरली. एकूण एक कागद दुःखाच्या घडीचा.

इतकी वर्षं पुडा हातात आला की तिची नजर असायची नवऱ्याच्या तोंडाकडे आणि बोटं असायची चिकटपट्टीकडे. टोक कोणतं वर आहे, हे बघायला सवड कोणाला होती? आज दिसलं. ऊइरो म्हणून ती दरवर्षी कोणाच्या तरी मर्तिकाचा पुडा सोडत आली होती. आणि घरात तर तेव्हा कोणी मेलेलं नव्हतं.

तोमेयो आली ती थेट आत. मासेवाल्याची विधवा, जीभ सुरीसारखी. कागद उलटेपालटे करून तिनं निकाल दिला.

"दुकानवाल्या पोरी असं बांधत नाहीत गं. शिकवून शिकवून त्यांचा जीव काढलेला असतो. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. बाईमाणसानं."

"कसली बाई?"

"मला काय ठाऊक? नागोयातली. दर डिसेंबरला ज्या घरी तुझा नवरा उतरत असेल, तिथली. तुझ्या नावानं दरवर्षी एक मर्तिक बांधून पाठवायची."

"गप बस, तोमेयो."

"मी बसते की गप. कागद बसणार आहेत का?"

संशय असा असतो बघा. आत येताना चपला काढून येतो, आवाज होत नाही. मग कधी तो चुलीपाशी बसलेला दिसतो, कधी अंथरुणात. सुमिएला जुनी एकेक गोष्ट आठवायला लागली. डिसेंबरात परतलेल्या कुनिझोच्या अंगाला लाखेचा वास का नसायचा? बोटांना बारीक बारीक चिरा का असायच्या? खोकं रिकामं, पण कोणी गिऱ्हाइकानं कधी पत्र टाकून आणखी वाट्या मागवल्या नाहीत, असं कसं?

देव्हाऱ्यापुढे पांढऱ्या कापडात बांधलेल्या कुनिझोच्या अस्थी तशाच होत्या. एकोणपन्नासाव्या दिवशी त्या घराण्याच्या समाधीत ठेवायच्या. त्या दिवशी सुमिए म्हणाली होती, अंगात कणकण आहे, पुढच्या आठवड्यात बघू. ते आठवडे सरत राहिले. देवळातले बुवा दोनदा येऊन गेले.

"सुमिए-सान, समाधीचा दगड एकदा बर्फाखाली गेला की वसंतापर्यंत सरकत नाही. कुनिझो-सानला असं किती दिवस ताटकळत ठेवणार?"

"थोडं थांबा, बुवा."

तोमेयोला मात्र तिनं खरं सांगितलं. "त्याच समाधीत उद्या मलाही जायचंय. ज्याच्या शेजारी कायमचं पडायचं, तो कोणाचा होता हे मला कळायला नको? नाही कळलं, तर माझ्या अस्थी मी माहेरी पाठवीन. लेकाला तसं सांगून ठेवीन."

त्या आठवड्यात देवळात गाऊन सांगायचं प्रवचन होतं. दूरवरून म्हातारे प्रवचनकार आले होते. त्यांचा आवाज असा चढत गेला आणि वरून पाण्यासारखा सोडला त्यांनी, की सगळी माणसं एकदम वाकली आणि सगळ्यांच्या तोंडून आपोआप "नामु आमिदा बुत्सु" आलं. काय ते सुख! सुमिएचे ओठ मात्र हलले नाहीत. लहानपणापासून त्या जागी तिच्या तोंडी आमिदा बुद्धाचं ते नाव येत आलं होतं. त्या दिवशी ते आलंच नाही. घरी येताना ती तोमेयोला म्हणाली, "परवा नागोयाला जायचं. तू येतेस का?"

"न येऊन कसं चालेल?" तोमेयो म्हणाली.

सगळे बगळे एका कापडी पिशवीत भरून, भाताचे गोळे डब्यात घेऊन दोघी सकाळच्या गाडीनं निघाल्या. दरी संपेपर्यंत सुमिए खिडकीबाहेर बघत होती, आणि तोमेयो भाताचे गोळे संपवत होती.

असागिरियाचं दार उघडलं तेव्हा दोन्ही बाजूंना ओळीनं उभ्या असलेल्या पोरी कंबरेत वाकल्या. "या, या, यावं!" तोमेयो तर खूश होऊन प्रत्येकीला उलट वाकून नमस्कार करायला लागली. सुमिएनं तिला दंडाला धरून ओढलं. तिला त्या वाकण्यातही काहीतरी दिसत होतं. ती कोपऱ्यातली माझ्याकडे इतकी का बघतेय? ही असेल का? छे, ही तर नातीच्या वयाची.

लिफ्टमधली पांढऱ्या हातमोज्यांची मुलगी एकेक मजला गाणं म्हटल्यासारखा सांगत होती. शेवटच्या मजल्यावर दोघी उतरल्या. प्रदर्शन भरलं होतं खरं, पण सगळीकडे होक्काइदोचे खेकडे. वाफा, आरडाओरडा, आणि पाय ठेवायला जागा नाही. सुमिएनं बिल्ला लावलेल्या एका माणसाला गाठलं.

"किसोच्या लाखेच्या वाट्यांचा गाळा कुठं हो?"

"किसो?" माणसानं डोकं खाजवलं. "किसोचा गाळा कुठला, बाईसाहेब? मी इथं लागायच्या आधीच तो बंद झालाय. आता लोकांना खेकडे हवेत."

"मुरोई म्हणून होते. दरवर्षी यायचे. गेल्या वर्षीसुद्धा."

"गेल्या वर्षी इथं ओकिनावाचा माल होता," तो म्हणाला. सांगताना त्याला वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायचं कारण त्याला काय माहीत?

इतकी वर्षं "खपल्या" म्हणणारा माणूस या मजल्यावर आलाच नव्हता. मग खोकं कुठं उतरवत होता? वाट्या कोणाच्या घरी गेल्या? तिच्या डोळ्यांपुढे एक स्वयंपाकघर उभं राहिलं, फळीवर तिच्या नवऱ्याच्या हातच्या लाल-काळ्या वाट्या मांडलेल्या, आणि खाली बसून बगळ्यांच्या कागदात पुडा बांधणारी कोणी एक.

"तळघरात चल," ती म्हणाली. "ऊइरो जिथं मिळते तिथं."

तळघर म्हणजे जत्राच. वर्षअखेरच्या भेटींचे दिवस. लोणची, मासे, चहा, गोडधोड, आणि जिथे बघावं तिथे पुडे बांधणाऱ्या पोरी. ऊइरोच्या गाळ्यापाशी सुमिए उभी राहिली ती हललीच नाही. काउंटरवरची मुलगी खोका तिरका ठेवायची, कागद उचलायची, गर्रकन फिरवायची, आणि पुडा तयार. उजवं टोक वर. दुसरा, उजवं टोक वर. सुमिएनं पिशवीतून आपला एक कागद काढला आणि हातात धरून ताडून पाहायला लागली.

"तोमेयो, मागे बघू नकोस. करड्या कोटातला तो माणूस खेकड्यांपासून आपल्या मागे आहे."

तोमेयोनं लगेच मागे बघितलं. "हो गं. लोणच्याची बाटली घेऊन उभाय, पण चिठ्ठी उलटी वाचतोय."

तेवढ्यात दुकानात वाजत असलेलं संगीत बदललं. आधी काहीतरी संथ चाललं होतं, ते मधेच थांबलं आणि एक टपटप उड्या मारणारी चाल सुरू झाली. आणि सुमिएनं बघितलं, एकूण एक पोरीनं मान वर केली. काउंटरखाली हात घातले. एकमेकींना खुणा केल्या. समोरच्या मुलीनंही सुमिएकडे बघितलं, हसली, आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागली.

सुमिए तोमेयोच्या कानाशी लागली. "माझ्यासाठी वाजवताहेत. मी आलेय, ते कळवताहेत एकमेकींना. अख्ख्या दुकानाला ठाऊक आहे ती कोण ते."

"तुझ्यासाठी बँड? मग माझ्यासाठी का नाही?" तोमेयो म्हणाली, पण तिनंही सुमिएचा हात धरला.

करडा कोट जवळ आला आणि वाकला. फार अदबीनं, आणि फार हळू आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, माफी असावी. जरा आत याल का? ती पिशवीही घेऊन या."

"कशाला?" तोमेयोचा आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत गेला. "काय केलं तिनं?"

"त्या पिशवीत आमच्या दुकानाचे बरेच कागद दिसतात," तो आणखी वाकून म्हणाला. "काही लोक कागद घरून आणतात. मग माल उचलतात, प्रसाधनगृहात नेऊन गुंडाळतात आणि विकत घेतल्यासारखे बाहेर पडतात. तुम्ही तशा नाहीतच. फक्त खात्री करायची आहे."

"चोर!" तोमेयो ओरडली. "ऐकलंत का हो सगळ्यांनी? आम्ही हिच्या घरचा चोर शोधायला आलो, तर हे आम्हालाच चोर ठरवतात!"

सुमिएला मात्र रडूही आलं नाही आणि रागही आला नाही. ती म्हणाली, "चला. मलाही कोणीतरी हवंच आहे विचारायला."

मालवाहू लिफ्टशेजारची ती खोली अगदी लहान होती, टेबल आणि तीन खुर्च्या. करड्या कोटानं कागद टेबलावर पसरले आणि त्याचाच चेहरा पडला. सगळे जुने, चुण्या पडलेले, काहींवर बगळ्यांचा रंगही उडालेला. असले कागद घेऊन चोरी करायला कोण येईल? तरी नियम तो नियम. त्यानं फोन करून बांधणीखात्यातल्या कोणा कुराहाशी-सानला बोलावून घेतलं.

कुराहाशी-सान आल्या. साठीच्या पुढच्या, केस पांढरे, कमरेला निळा ॲप्रन, बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या. टेबलापाशी येऊन त्यांनी एक कागद उचलला, चुणीवरून अंगठा फिरवला आणि थांबल्या. दुसरा उचलला. मग तिसरा. कोणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "हा हात मी ओळखते."

सुमिएनं पिशवीचे बंद मुठीत धरले. हीच ती, तिला वाटलं. पांढरे केस, शांत चेहरा, माझ्याच वयाची. हीच.

"मुरोई-सानची घडी आहे ही," कुराहाशी-सान म्हणाल्या आणि मग वर बघितलं. "तुम्ही कोण त्यांच्या? यंदा ते आलेच नाहीत. आम्ही रोज वाट बघतो. बरे आहेत ना?"

"बायको," सुमिए म्हणाली. "ते सप्टेंबरात गेले."

कुराहाशी-सानच्या हातातला कागद टेबलावर पडला. त्या खुर्चीवर बसल्या. करडा कोट भिंतीशी सरकला. बाहेर ती टपटप चाल वाजतच होती.

"तुम्ही कोण त्यांच्या?" आता सुमिएनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी? मी त्यांची मुकादम. पुडे बांधणाऱ्यांची."

"पुडे?"

"तुम्हाला सांगितलंच नाही शेवटपर्यंत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मी दरवर्षी म्हणायची, बायकोला सांगून टाका. दरवर्षी मान हलवायचे."

मग त्यांनी सांगितलं. एका वर्षी किसोचा गाळा बंद झाला. लोक प्लॅस्टिकच्या वाट्या घ्यायला लागले होते. कुनिझोला कोणी कळवलंच नव्हतं. खोकं पाठीला मारून तो आला, आणि वरच्या मजल्यावर त्याच्या जागी दुसरंच काही मांडलेलं. तसाच मागच्या दारी येऊन तो पावसात उभा राहिला. कुराहाशी-सानला भेटींच्या गर्दीत माणसं कमी पडत होती. त्या दारातून ओरडत होत्या, कोणी दोन हात आणून देतं का म्हणून. तो पुढे झाला आणि म्हणाला, माझे चालतील का?

"महिनाभर दुकानाच्या वसतिगृहात राहिले. दिवसभर पुडे बांधायचे. कागदानं बोटं चिरायची, बोलायचे नाहीत. निघताना मजुरी खिशात घालून म्हणाले, घरी सांगेन वाट्या खपल्या. मी म्हटलं, खोटं कशाला? तर म्हणाले, या वर्षापुरतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा दारात हजर. म्हणाले, एकदा खोटं सांगून बसलो, आता खरं कुठून सुरू करू?"

"मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना?" सुमिए एकदम ओरडली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदा असा वर गेला. "मी काय विचारलं होतं? खपल्या का, एवढंच विचारायची मी!"

"तेच तर," कुराहाशी-सान हळूच म्हणाल्या. "तेवढंच विचारायच्या तुम्ही."

तोमेयोनं कागद उचलून टेबलावर आपटला. "ते सगळं राहू द्या. ही दुःखाची घडी कोणी घातली? तिच्या पुड्याला डावं टोक वर का? ते सांगा आधी!"

कुराहाशी-सानच्या तोंडावर हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही. "ती दुःखाची घडी नाही हो. ती डाव्या हाताची घडी आहे. गिऱ्हाइकांचे पुडे ते उजव्या हातानंच बांधायचे, नियमाप्रमाणे, चूक म्हणून नाही. शेवटच्या दिवशी स्वतःच्या पैशांनी ऊइरो घ्यायचे, आणि तो एक पुडा डाव्या हातानं. सगळंच उलटं फिरायचं मग, टोकसुद्धा. मी रागवायची. म्हणायची, मुरोई-सान, हे अशुभ दिसतं, घरी भांडण होईल. एकदाच उत्तर दिलं त्यांनी. म्हणाले, महिनाभर दुसऱ्यांसाठी मास्तरांच्या हातानं बांधलं. हिच्यासाठी माझ्या हातानं बांधू द्या."

तोमेयो खाली बसली.

सुमिए स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होती. त्याच तळव्यानं तिनं सणावाराला त्या डाव्या हातावर चापट्या मारल्या होत्या. थट्टेनंच, पण मारल्या होत्या.

"आणि वाट्या?" शेवटी तिनं विचारलं. "खोकं भरून आणायचे ते. त्या कोणाला दिल्या?"

"या माझ्याबरोबर," कुराहाशी-सान म्हणाल्या.

दोन जिने खाली, गिऱ्हाइकांच्या नजरेला कधी न पडणाऱ्या बाजूला, कामगारांची जेवणाची खोली होती. भिंती पिवळ्या पडलेल्या, टेबलं लांबलचक. दुपारची पाळी जेवायला बसली होती. ॲप्रनवाल्या पोरी, ट्रकवाले, झाडूवाल्या बाया, लिफ्टमधली ती हातमोज्यांची मुलगीसुद्धा. आणि प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या हातात सुपाची वाटी. लाल, काळी, तपकिरी. बाहेरून साधी, आत आरशासारखी. सुमिएला तळाची खूण बघायची गरजच नव्हती. त्या वाट्यांच्या कडेचा गोलावा तिच्या घरातच घडला होता.

"पैसे घ्यायचे नाहीत," कुराहाशी-सान म्हणाल्या. "नवीन कोणी लागलं की एक वाटी. म्हणायचे, वाटी वापरली नाही तर मरते. दरवर्षी आल्या आल्या सगळ्यांच्या वाट्या तपासायचे. कोणाचा टवका उडाला असेल तर घरी नेऊन लाख भरायचे आणि पुढच्या वर्षी परत आणायचे."

घरी त्या दुरुस्तीच्या वाट्या सुमिएनं पाहिल्या होत्या. म्हणायचा, गिऱ्हाइकाच्या आहेत. खोटं नव्हतंच ते.

एका पोरीनं उठून जागा दिली आणि तिच्यापुढे गरम मिसोच्या सुपाची एक वाटी ठेवली. सुमिएनं ती दोन्ही हातांत धरली. सूप प्यायला तिला बराच वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही. तोमेयो तीन वाट्या प्यायली. करडा कोट दारात उभा राहून पुन्हा पुन्हा वाकत होता, शेवटी तोमेयोच त्याला म्हणाली, "बस की रे बाबा आता, कंबर मोडेल तुझी."

निघताना सुमिए ऊइरोच्या गाळ्यापाशी थांबली. एक खोका घेतला.

"बांधून देऊ?" मुलीनं विचारलं.

"नको. कागद आहे माझ्याकडे."

मुलीनं खोका पिशवीत घातला आणि काउंटरखालून एक पारदर्शक पिशवी काढून वरून चढवली. "बाहेर पाऊस लागलाय, बाईसाहेब. इथं खाली कळत नाही ना, म्हणून चाल बदलतात. मग आम्ही पिशव्यांवर हे घालतो."

तोमेयोनं सुमिएकडे बघितलं. "तुझा बँड गं," ती म्हणाली, आणि दोघी पहिल्यांदा हसल्या. हसता हसता सुमिएचे डोळे वाहायला लागले, आणि ते तिनं वाहू दिले.

बर्फ पडायच्या आधल्या दिवशी बुवांनी समाधीचा दगड सरकवला. सुमिएनं घरून निघण्यापूर्वी देव्हाऱ्यापुढे बसून ऊइरोचा खोका कप्प्यातल्या एका बगळ्याच्या कागदावर ठेवला. तिनं बोटही लावलं नाही म्हणा ना. कागद आपल्या चुण्यांवरून आपणहून मिटला, डावं टोक वर आलं. मेलेल्या माणसासाठी ते तसंच यायला हवं. इतक्या वर्षांत आज ती घडी दोन्ही अर्थांनी बरोबर होती. समाधीत पुडा तिनं अस्थींच्या कलशाशेजारी ठेवला, आणि त्याच्याजवळ साकेचा एक पेला. पेला डावीकडे.

दगड जागेवर बसला. बुवांनी सूर धरला, आणि सुमिएच्या तोंडून ते नाव आपोआप आलं. "नामु आमिदा बुत्सु." मग ती दगडाला हात लावून म्हणाली, "जरा जागा ठेवा हो माझ्यासाठी. उजवीकडे ठेवा. डावा हात तुमचा मोकळा राहू दे."

झाली गोष्ट. आता उठा, पाय मोकळे करा. फक्त एक मागणं आहे. घरात कोणी एखादा पुडा तुमच्या हातात ठेवला, तर उघडायच्या आधी घडीभर थांबा, आणि हिरासावाच्या त्या डावखुऱ्या, अबोल कुनिझोची आठवण काढा.